एकट्यानं चाला, पण चिठ्ठी ठेवून

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते.

वाळवंट आहे. ऑगस्ट महिना. दोन उंच भिंतींच्या मधून एक अरुंद वाट जाते. पायाखाली वाळू, डोक्यावर आकाशाची बारीकशी पट्टी. पाऊस म्हणाल तर नावापुरता. आणि तरीही त्या वाटेत उभी असलेली माणसं पुरात वाहून गेली. कशी?

चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं, तेव्हा एकजण म्हणाला, "बाई, धरण फुटलं असेल." दुसरी म्हणाली, "समुद्राची लाट आली असेल." तिसऱ्यानं तर हातच झटकले. "बाई, तुम्ही आमची फिरकी घेताय. वाळवंटात कुठला आलाय पूर!"

फिरकी नाही बरं का! ही घटना अगदी खरी आहे. १२ ऑगस्ट १९९७. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पेज नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ नवाहो या आदिवासी लोकांच्या प्रदेशात अँटिलोप कॅनियन नावाची अतिशय सुंदर घळ आहे. त्या दिवशी तिच्या खालच्या भागात काही पर्यटक उतरले होते. घळीपाशी पाऊस जवळजवळ नव्हताच. पण कित्येक किलोमीटर दूर, वरच्या अंगाला वादळी पाऊस कोसळला. ते सगळं पाणी गोळा होऊन घळीत शिरलं आणि भिंतीसारखं धावत आलं. त्या वेळच्या लाकडी शिड्या वाहून गेल्या. अकरा पर्यटकांचा जीव गेला. त्यांच्याबरोबरचा एक वाटाड्या तेवढा वाचला.

नवाहो लोक या घळीच्या वरच्या भागाला जे नाव देतात, त्याचा अर्थ ठाऊक आहे? 'खडकांतून पाणी वाहतं ती जागा'. म्हणजे इशारा नावातच होता! गावोगावची जुनी नावं नीट ऐकावीत ती यासाठी.

दगडातली घळ कशी झाली?

आधी हा प्रदेश नकाशावर शोधू या. ॲटलास काढा. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला यूटा, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं एका बिंदूत मिळतात. त्यांच्या भोवती पसरलंय कोलोरॅडोचं पठार. आकारानं आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं मोठंच. तांबडा, नारिंगी, पिवळट दगड, तुरळक झुडपं आणि जमिनीला पडलेल्या खोल चिरा. यातली सगळ्यात मोठी चीर म्हणजे कोलोरॅडो नदीनं कोरलेलं ग्रँड कॅनियन. लांबी ४४६ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरहून जास्त. आपलं कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. तेवढा डोंगर उलटा करून जमिनीत खुपसला, तर जेवढा खड्डा पडेल, साधारण तेवढी ही दरी खोल.

पण मोठ्या दरीपेक्षा मला कुतूहल वाटतं ते इथल्या अरुंद घळींचं. तिथला बराचसा दगड वालुकाश्म आहे. वालुकाश्म म्हणजे वाळूचा झालेला दगड. सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी इथं वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या. त्या एकमेकींवर साचल्या, दबल्या आणि दगड झाल्या. पुढे या दगडाला भेगा पडल्या. पावसाचं पाणी भेगेतून धावलं. नुसतं पाणी नाही हं, वाळू घेऊन! सुतारकाका लाकूड कशानं घासतात? पॉलिश पेपरनं. वाळूमिश्रित पाणी म्हणजे वाहता पॉलिश पेपरच. हजारो वर्षं घासून घासून त्यानं गुळगुळीत, वळणावळणाच्या भिंती केल्या. काही घळींत दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, आणि वर पाहिलं तर मान दुखते. यूटामधली बकस्किन गल्च नावाची अशी घळ तर वीस किलोमीटरहून लांब आहे.

तिथं चालताना कधी कधी डोक्याच्या खूप वर, दोन भिंतींमध्ये आडवा अडकलेला झाडाचा ओंडका दिसतो. तो तिथं कुणी नेऊन ठेवला असेल? पुरानं! म्हणजे पाणी तिथपर्यंत चढलं होतं. तो ओंडका पाहिला की शहाणा माणूस घड्याळाकडे नाही, आकाशाकडे पाहतो.

आपल्याकडे अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. तिचा दगड वेगळा, काळा बेसाल्ट. पण अरुंदपणा तसाच. पावसाळ्यात तिच्यातून पाणी धावतं, म्हणून जाणकार मंडळी पावसाळा सरल्यावरच तिच्यात उतरतात.

थोड्या पावसाचा मोठा पूर

पेज गावाजवळ वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम १५ ते २० सेंटिमीटर. आपल्या महाबळेश्वरला ५०० सेंटिमीटरहून जास्त! मग एवढ्याशा पावसाचा पूर कसा येतो?

घरी एक प्रयोग करा. आईला विचारून एक रिकामी परात घ्या. ती मोरीत थोडी तिरकी धरा आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. सगळं पाणी क्षणात खाली. आता एका कुंडीत माती भरा आणि तिच्यावर तेवढंच पाणी हळूहळू ओता. खालून किती पाणी आलं? किती वेळानं? बरंचसं पाणी माती पिऊन टाकते. गवत, झाडांची मुळं, पालापाचोळा ते धरून ठेवतात.

कॅनियनचा प्रदेश म्हणजे ती परात. उघडा दगड, माती थोडी, झाडं त्याहून थोडी. पडलं पाणी की निघालं. आणि जाणार कुठं? पत्र्याच्या छपरावरचं सगळं पाणी जसं एका पन्हळीतून धो धो पडतं, तसं मैलोन्‌मैल पसरलेल्या दगडावरचं पाणी त्या एका अरुंद घळीत येतं.

आता पाटी घ्या. एक चौरस किलोमीटर दगडावर फक्त एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी होईल? उत्तर आहे १ कोटी लिटर. दहा हजार लिटरचे टँकर मोजले, तर एक हजार टँकर. आणि असा पाऊस दहा चौरस किलोमीटरवर पडला तर? शून्य तुम्हीच वाढवा. मग त्या घळीतून काय वेगानं लोंढा येत असेल, त्याची कल्पना येईल.

आणखी एक गंमत सांगते. 'मान्सून' हा आपला शब्द आपण जपून ठेवला आहे, पण तो एकट्या आपलाच नाही. त्या वाळवंटालाही मान्सून असतो! साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात दक्षिणेकडून दमट हवा येते. सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. दुपारी ढग फुलकोबीसारखे वाढतात. मग वीज, गडगडाट आणि एका तुकड्यावर धुवांधार पाऊस. शेजारच्या तुकड्यावर ऊन. म्हणून तिथं 'माझ्या डोक्यावर ढग नाही' याला अर्थ नसतो. पाणी येतं त्या दिशेला, वरच्या अंगाला काय चाललंय, ते महत्त्वाचं.

तीन वाटसरू

अशा मुलखात माणसं एकटी का जात असतील? शांततेसाठी. रंगांसाठी. आपण स्वतःच्या पायांवर किती जाऊ शकतो, ते पाहण्यासाठी. यात वाईट काहीच नाही. एकट्यानं चालण्याचा आनंद फार मोठा असतो. पण एकटं चालणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं. कसं ते तीन माणसांच्या गोष्टींतून पाहू.

पहिला एव्हरेट रूस. जन्म १९१४ सालचा. चित्रं काढायचा, लाकडावर कोरून ठसे उमटवायचा, कविता करायचा आणि गाढवांच्या पाठीवर सामान लादून महिनोन्‌महिने या दगडी मुलखात भटकायचा. नोव्हेंबर १९३४ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, तो यूटातल्या एस्कलांटे गावातून दोन गाढवं घेऊन निघाला. हिवाळा तोंडावर होता. भावाला त्यानं पत्र टाकलं, की आता महिना-दोन महिने टपाल कचेरी भेटणार नाही. म्हणजे घरच्यांनी काळजी करायला केव्हा लागायचं, हेच कुणाला नीट ठाऊक नव्हतं! फेब्रुवारी १९३५ मध्ये आई-वडिलांनी त्या गावी चौकशी सुरू केली. मार्चमध्ये शोध घेणाऱ्यांना डेव्हिस गल्च नावाच्या घळीत त्याची गाढवं सापडली. जवळच दगडावर कोरलेलं होतं, 'नीमो १९३४'. नीमो हा लॅटिन शब्द आहे. अर्थ 'कुणीही नाही'. एव्हरेट मात्र सापडला नाही. २००९ मध्ये काही हाडं सापडली, ती त्याची असं आधी वाटलं. पण पुढच्या तपासणीत ती त्याची नाहीत, असं ठरलं. आजही त्याचं काय झालं, ते कोडंच आहे.

दुसरे कॉलिन फ्लेचर. १९६३ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ठरवलं की ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यान दरीच्या आतून, एका दमात, एकट्यानं चालून पार करायचं. त्याआधी असं कुणी केलेलं नव्हतं. मग त्यांनी काय केलं? पाठीवर पिशवी टाकली आणि निघाले? छे! आधी ते हार्वी बुचार्ट या गणिताच्या प्राध्यापकांकडे गेले. बुचार्ट कित्येक वर्षं फावल्या वेळात त्या दरीत भटकत होते. कुठला कडा उतरता येतो, कुठं पाणी मिळतं, हे त्यांच्याइतकं कमी लोकांना ठाऊक होतं. फ्लेचरनी त्यांना विचारून विचारून वाट ठरवली. काही ठिकाणी आधीच अन्न लपवून ठेवलं. काही ठिकाणी विमानातून अन्न टाकण्याची व्यवस्था केली. उन्हाळा तापण्याआधी, एप्रिलमध्ये निघाले. दोन महिन्यांनी धडधाकट बाहेर आले आणि १९६८ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक निघालं, ते आजही वाचलं जातं.

आता विचार करा. फ्लेचर एकटे चालले, हे खरं. पण ते खरोखर एकटे होते का? त्यांची वाट बुचार्टना माहीत होती. अन्न कुठं टाकायचं ते वैमानिकाला माहीत होतं. पायांनी एकटे, पण कुणाच्या तरी लक्षात सतत होते.

तिसरा आरन रॅल्स्टन. हुशार इंजिनिअर, कसलेला गिर्यारोहक. २६ एप्रिल २००३ रोजी तो यूटातल्या ब्लूजॉन कॅनियनमध्ये एकटाच उतरला. उतरताना सुमारे साडेतीनशे किलोचा एक धोंडा निसटला आणि त्याचा उजवा हात भिंतीशी चिरडला गेला. हात निघेना. हाका मारून उपयोग नव्हता, ऐकायला कुणी नव्हतं. जवळ थोडं पाणी आणि थोडंसं खाणं. आणि सगळ्यांत मोठी अडचण कोणती? तो कुठं चाललाय, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पाच दिवस आणि सात तास! म्हणजे १२७ तास. शेवटी जिवावर उदार होऊन त्यानं अडकलेला हात स्वतःच कापून काढला. एका हातानं दोर बांधून कडा उतरला आणि रक्तबंबाळ अवस्थेत कित्येक किलोमीटर चालला. वाटेत फिरायला आलेलं एक कुटुंब भेटलं. तोवर तो कामावर आला नाही म्हणून सहकाऱ्यांना शंका आली होती, आईनं धावपळ करून शोध सुरू करवला होता, आणि त्या शोधातलंच हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. या घटनेवर २०१० मध्ये '१२७ अवर्स' नावाचा चित्रपट निघाला. त्याचं संगीत आपल्या ए. आर. रहमान यांचं आहे.

आरनच्या धैर्याला नमस्कार. पण मुलांनो, माझ्या मनात राहून राहून एकच विचार येतो. निघताना चार ओळींची एक चिठ्ठी ठेवली असती, तर लोक पहिल्या-दुसऱ्या दिवशीच शोधायला निघाले असते, आणि कदाचित हात वाचला असता. 'एकटा जीव सदाशिव' म्हणायला ठीक आहे. डोंगरदऱ्यांत मात्र त्या सदाशिवाचा ठावठिकाणा कुणाला तरी ठाऊक हवा!

सोबत असली तरी

"मग बाई, एकटं नाही गेलं, दहा-बाराजण मिळून गेलं की झालं!" असं तुम्ही म्हणाल. तेवढ्यानं भागत नाही. अँटिलोप कॅनियनमध्ये माणसं एकटी नव्हती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी यूटातल्या झायॉन राष्ट्रीय उद्यानात कीहोल कॅनियन नावाच्या घळीत सातजण उतरले. सातही मोठी माणसं. रीतसर परवाना घेतलेला. त्या सकाळी पावसाची शक्यता ४० टक्के सांगितली होती. दुपारी पाऊस झाला आणि सातही जण वाहून गेले. त्या दिवशी तिथल्या व्हर्जिन नदीच्या एका फाट्यात सेकंदाला सुमारे दीड हजार लिटर पाणी वाहत होतं, ते सेकंदाला सुमारे ७४ हजार लिटर झालं. किती वेळात? पंधरा मिनिटांत! तुमची शाळेची एक तासिका निम्मीही होत नाही तेवढ्यात.

४० टक्के म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. असे दहा दिवस आले, तर त्यांतले चार दिवस पाऊस पडेल. सहा दिवस काहीच होणार नाही आणि माणसाला वाटेल, 'उगाच घाबरवतात!' पण घळीत शिरणाऱ्याला सातवा दिवसही बघायचा असतो ना?

पाऊस त्रास देतो तो फक्त पुरानं नाही. घळीतल्या डोहांना ऊन मिळत नाही. भर उन्हाळ्यातही ते पाणी बर्फासारखं लागतं. त्यात भिजलं, वर वारा लागला, की अंगातली ऊब निघून जाते. मग पाय अडखळतात, बोटांना गाठ सोडता येत नाही, बोलणं जड होतं आणि माणूस विनाकारण चिडचिड करतो. ही लक्षणं सोबत्याला दिसतात, स्वतःला कळत नाहीत! एकट्याला सांगणार कोण? म्हणून थंड पाण्याच्या वाटेवर सुती कपड्यांपेक्षा लोकरी बरे. सुती कपडा भिजला की ऊब धरत नाही, लोकर थोडीफार धरते.

पाणी यायच्या आधी काय सांगतं?

पूर कधी कधी आगाऊ वर्दी देतो. ती ओळखता आली पाहिजे. या खुणा नुसत्या अमेरिकेतल्या नाहीत, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यालाही लागू आहेत. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हाही पाणी असंच बघता बघता वाढलं होतं. तर या खुणा वहीत लिहून घ्या.

१. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झालं.
२. पाण्यावर काटक्या, पानं, फेस वाहून येऊ लागला.
३. पाण्याची पातळी थोडी जरी वाढली.
४. वरच्या अंगाला ढग दाटले किंवा गडगडाट झाला.
५. लांबून घरघर ऐकू आली आणि ती वाढत गेली. रेल्वे येते ना, तशी.

यातली एक जरी खूण दिसली, तर सामान गोळा करत बसायचं नाही, फोटो काढायचा नाही. ताबडतोब उंच जागी चढायचं. पाण्याच्या पुढे पळत सुटून पाणी हरत नाही. थोडं उंच चढल्यानं मात्र जीव वाचू शकतो. आणि वाहतं पाणी ओलांडायच्या फंदात पडू नका. वेगानं धावणारं अवघं वीतभर पाणी, म्हणजे १५ सेंटिमीटर, मोठ्या माणसालाही खाली पाडू शकतं.

विजेचंही एक गणित आहे. लखलखाट दिसला की आकडे मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत किती सेकंद झाले? त्याला तीननं भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आलं, तर वीज जवळ आहे. उघड्यावर, कड्यावर, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

१९९७ नंतर अँटिलोप कॅनियनमध्ये खूप बदल झाले. आता वाटाड्याशिवाय तिथं कुणालाही जाता येत नाही. शिड्या भिंतीत पक्क्या बसवल्या आहेत. हवामानाचा इशारा देणारा रेडिओ आहे, भोंगा आहे. चांगलंच झालं. पण एकट्या वाटसरूच्या घळीत भोंगा नसतो, आणि तिथं मोबाईलवर भरवसा ठेवून चालत नाही. उंच भिंतींमध्ये रेंज मिळत नाही. आकाशाची एवढीशी पट्टी दिसते, म्हणून उपग्रहाशी बोलणारी यंत्रंही तिथं अडखळतात. म्हणूनच सांगते, सगळ्यात जुनं यंत्र विसरू नका. कागद आणि पेन्सिल!

चिठ्ठी कशी लिहावी?

तुम्ही काही उद्या अमेरिकेच्या वाळवंटात निघाला नाहीत. पण मित्राकडे जाता, टेकडीवर जाता, सायकल घेऊन नदीकाठी जाता. तेव्हाही चिठ्ठी हवीच. तिच्यात पाच गोष्टी लिहायच्या.

मी कुठं जातोय. कुठल्या वाटेनं जातोय. बरोबर कोण आहे. किती वाजता परत येईन. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची: किती वाजेपर्यंत आलो नाही, तर शोधायला निघा.

ही पाचवी ओळच एव्हरेटच्या पत्रात नव्हती. 'संध्याकाळी येतो' असं मोघम लिहू नका. 'सहाला येतो, साडेसातपर्यंत आलो नाही तर फोन करा' असं लिहा. वाट बदलली, तर कुणाला तरी कळवा. आणि परत आलात की आठवणीनं सांगा, 'मी आलो हो!' नाहीतर तुम्ही घरात लाडू खात बसाल आणि लोक तुम्हाला नदीवर शोधत फिरतील. खरंच अडचण आली, तर आपल्या देशात ११२ हा क्रमांक लावायचा. तो पाठ करून ठेवा.

आईबाबांसाठी चार ओळी

पालकहो, मुलांना घरात कोंडून ठेवा, असं मी म्हणत नाही. त्यांना डोंगर, नदी, पाऊस कळायलाच हवा. फक्त दोन विनंत्या आहेत. पहिली, चिठ्ठीची सवय आपल्यापासून लावा. 'मी बाजारात जाते, सातला येते' असं आपण सांगून गेलो, तर मूलही सांगून जाईल.

दुसरी विनंती जास्त मोलाची. मूल अर्ध्या वाटेतून परत आलं आणि म्हणालं, "ढग आले म्हणून फिरलो," तर "एवढ्याशाला घाबरलास?" असं चुकूनही म्हणू नका. त्या एका वाक्यामुळे ते पुढच्या वेळी परत फिरणार नाही. त्याऐवजी गरम दूध द्या आणि म्हणा, "शाब्बास! गड कुठं पळून जात नाही." परत फिरायला पुढे जाण्यापेक्षा जास्त हिंमत लागते, कारण तिथं टाळ्या वाजवायला कुणी नसतं. त्या टाळ्या आपणच वाजवायच्या.

या आठवड्याचा उद्योग

मुलांनो, तीन कामं करा. एक, परात आणि कुंडीचा प्रयोग करून कुठून किती पाणी आलं, ते पेल्यानं मोजून वहीत लिहा. दोन, आपल्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा, की ओढ्याचं पाणी सगळ्यात वर कुठपर्यंत चढलं होतं, आणि ती जागा बघून या. अर्थात मोठ्या माणसाला बरोबर घेऊन! तीन, वर सांगितलेल्या पाच ओळींची एक चिठ्ठी लिहा आणि घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी, फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्याजवळ, एक जागा तिच्यासाठी ठरवून टाका.

भरपूर हिंडा. एकट्यानंही हिंडा, मोठे झालात की लांब लांब हिंडा. पण तुम्ही कुठं आहात, ते एका तरी माणसाला ठाऊक असू द्या. पुढच्या वेळी आपण वाळवंटातच आणखी थोडे थांबू आणि वाळूच्या टेकड्या चालतात कशा, ते पाहू.

तुमची,
बाई